कॉम्प्युटर साफ केला त्या महिन्यात

२ फेब्रुवारी, सोमवार

सहा मिनिटं चाळीस सेकंद. बटण दाबल्यापासून आमचा कॉम्प्युटर कामाला लागेपर्यंत. घड्याळ लावून मोजलं. अंदाजपंचे बोलायची मला सवय नाही. एकतीस वर्षं कारखान्यात मशिनांची आणि माणसांची वेळ मोजण्यात गेली.

आज पेन्शनचा फॉर्म भरायला बसलो. पाच पानं. चौथ्या पानावर जन्मतारीख टाकली आणि ते वर्तुळ गरगर फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मग पाटी आली: ‘आपण वेळेत प्रतिसाद न दिल्यामुळे अर्ज रद्द झाला आहे.’

मी! मी वेळेत प्रतिसाद दिला नाही! टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला. आतून बायकोचा आवाज आला, “काय फुटलं?” मी म्हणालो, “डोकं.” तिने पुढे काही विचारलं नाही.

या घरात माणसं दोन आणि कॉम्प्युटर एक. मागच्या लहान खोलीत ठेवलाय. सकाळी पाच ते सात आणि दुपारी दीड तास तो बायकोच्या ताब्यात. दार लावते, खिडकी लावते, पंखासुद्धा बंद करते आणि आत काहीतरी मोठ्याने वाचत बसते. छंद असतात एकेकाचे. मी कामावर जायचो तेव्हा कळायचं नाही. आता तीन महिने घरी आहे तर कळतंय, की माझ्याच घरात एक खोली माझ्यासाठी बंद असते.

आजपासून ही वही. रोजची वेळ, उपाय, परिणाम. बाकी काही लिहायचं नाही. कारखान्याबद्दल तर अजिबात नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

वेळ ६.४०. उपाय: इंटरनेटवरून वेग वाढवणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. फुकट. त्याने तपासणी करून एक हजार आठशे त्रेचाळीस दोष काढले. मी अवाक् झालो. एवढे दोष घेऊन हे मशीन चालत होतं आणि घरात कोणालाही त्याचं काही नाही! सगळे दोष दुरुस्त केले. परिणाम: ६.५५.

दुपारी दुसरा प्रोग्राम घेतला. त्याने दोन हजार एकशे दहा दोष काढले. त्यातला पहिला दोष म्हणजे सकाळचा प्रोग्राम. दोघांचं आपसांत पटत नाही असं दिसतं. म्हणून दोघांवर लक्ष ठेवायला तिसरा घेतला. वर सुपरवायझर नसला की खाली असंच होतं.

संध्याकाळी ७.२०. दुरुस्ती चालू असताना थोडा वेग कमी होणारच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भांडण.

बायको सकाळी सव्वापाचला खोलीतून बाहेर आली. “तुम्ही काय केलंत त्याला? माइक लागत नाही. सारख्या पाट्या येताहेत.”

“दुरुस्ती चालली आहे.”

“हात लावू नका. माझं काम आहे त्यावर.”

“कसलं काम?”

“सांगितलंय तुम्हाला.”

“कधी?”

“सहा वर्षं सांगतेय.” आणि दार लावून घेतलं.

हा काय बोलायचा प्रकार झाला? सांगितलंय म्हणे. सांगितलं असेल तर पुन्हा सांगायला जीभ झिजते का? मी काही विसराळू माणूस नाही. कारखान्यात चारशे सुट्या भागांचे नंबर तोंडपाठ होते मला. त्या नव्या मॅनेजरला अजून दहा माहीत नसतील. चौतीस वर्षांचं वय आणि मला सगळ्यांसमोर सांगतो, की तुमच्या विभागाचा वेग

हे लिहायचं नाही असं ठरलंय.

८ फेब्रुवारी, रविवार

आज यश. कॉम्प्युटरचं खोकं उघडलं. आत धुळीचा असा थर, की त्यावर नाव लिहिता आलं असतं. पंखा धुळीने गच्च. रंगाचा जुना मऊ ब्रश घेतला आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. एकेक पातं पुसलं, तारा सोडवून नीट बांधल्या. दोन तास गेले. या दोन तासांत मला एकदाही राग आला नाही, हे नंतर लक्षात आलं.

वेळ ५.१०! पंख्याची घरघर गेली.

बायकोला सांगितलं. म्हणाली, “बरं झालं.” बरं झालं! दोन मिनिटं दहा सेकंद वाचवली या माणसाने, आणि बरं झालं. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला फोन केला. तो पाळीवर होता. म्हणाला, “मागून करतो.” केला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

बायको काल तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. परवा येईल. म्हणजे मशीन पूर्ण माझ्या ताब्यात.

आज रोगाचं मूळ सापडलं. जागाच शिल्लक नव्हती! बघत बघत गेलो तर एक फोल्डर, नाव ‘काम’, आणि आत एकशे अठ्ठावीस जीबी. हे एवढं काय? नुसत्या आवाजाच्या फाइली. नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. शून्य चार शून्य एक, शून्य चार शून्य दोन. एक उघडली. शांतता. दहा सेकंद वाट बघितली, काही नाही. दुसरी उघडली, तेच. अशा चार फाइली तपासल्या, चारही रिकाम्या. खरं तर एक तपासली असती तरी चाललं असतं, पण मी काम नियमाने करतो.

हिचं माइकचं बटण चुकत असणार आणि ही महिनोन् महिने रिकाम्या फाइली भरत बसली असणार.

सगळं डिलीट केलं. कचरापेटीही रिकामी केली. मग तिसऱ्या प्रोग्राममध्ये ‘मोकळी जागा खोलवर पुसा’ असं होतं, तेही चालवलं. चार तास लागले. अर्धवट काम मला आवडत नाही.

वेळ: दोन मिनिटं दहा सेकंद.

पुन्हा बंद करून सुरू केला. दोन मिनिटं दहा. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी चहा केला आणि उभ्यानेच प्यायलो. बऱ्याच दिवसांनी असं वाटलं, की आज काहीतरी केलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ती ओरडली नाही.

दुपारी आली, पिशवी ठेवली, कॉम्प्युटर लावला. मी मागे घड्याळ घेऊन उभा. म्हणालो, “बघ.” दोन मिनिटं दहा. तिने फोल्डर शोधला. मग पुन्हा शोधला. मग वळली नाहीच, तशीच पाठमोरी म्हणाली, “माझं काम कुठे आहे?”

मी सांगितलं. फाइली रिकाम्या होत्या, चार तपासल्या, नियमाने तपासल्या.

“किती वेळ ऐकलंत?”

“दहा सेकंद.”

“सुरुवातीचे पंधरा सेकंद गप्प बसायचं असतं,” ती म्हणाली. “खोलीचा आवाज टिपायला. नंतर तो वजा करतात. म्हणून पंखा बंद करते मी, म्हणून खिडकी लावते. पंधरा सेकंद. तुम्हाला पाच सेकंद धीर धरवला नाही.”

मग सगळं सांगितलं. आवाज जरासुद्धा न चढवता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक वाचनालय आहे. ही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून देते. सहा वर्षांत एकोणीस पुस्तकं. सध्याचं पुस्तक म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं, सहाशे चाळीस पानांचं. जुनी छपाई, अक्षरं तुटलेली, त्यामुळे कॉम्प्युटरचा आवाज ते वाचू शकत नाही, माणूसच लागतो. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसणारी एक मुलगी आहे, तिची वकिलीची परीक्षा नऊ मार्चला आहे. पहिली तीन प्रकरणं तिला पाठवून झाली होती. पुढची तीनशे वीस पानं वाचून, चुका काढून, तयार करून त्या फोल्डरात ठेवली होती.

मी म्हणालो, “दुसरीकडे एक प्रत ठेवायला हवी होतीस.”

हे मी का म्हणालो माहीत नाही. खरं आहे म्हणून म्हणालो.

तेव्हा ती वळली. “बरोबर आहे. बाहेरच्या चोरांपासून जपायचं ठाऊक होतं. घरातल्या माणसापासून जपायला हवं, हे सुचलं नाही मला.”

आणि पुढचा एक तास तिने जे ऐकवलं ते मी इथे उतरवणार नाही. एकच लिहितो. ती म्हणाली, “मी काय करते ते तुम्हाला कळावं म्हणून मी चौथ्या पुस्तकाची सीडी तुम्हाला ऐकायला दिली होती. तुम्ही म्हणालात, छान आहे. ती अजून सीलबंद आहे.”

कपाटातून काढून दाखवली. आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

खोकं उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कायम कपाळावर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “डिलीट करून तुम्ही गप्प बसला असतात ना, तर अर्ध्या तासात परत आणून दिलं असतं. तुम्ही वरून नांगर फिरवलात. तोही चार तास.”

“पण प्रोग्राममध्ये तसं बटण होतं!”

“गच्चीलाही कठडा असतो, काका. म्हणून उडी मारायची का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं म्हणून बाहेर पडलो. मग खोकं आतच राहिलं म्हणून परत गेलो.

संध्याकाळपर्यंत त्याने पन्नासेक पानांच्या फाइली वर काढल्या. बाकी मातीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बायको पहाटे पाचपासून वाचतेय. बुडालेली दोनशे सत्तर आणि मुळातच वाचायची राहिलेली दोनशे दहा, एकूण चारशे ऐंशी पानं. आणि ती महिनाअखेर संपायला हवीत, कारण पुढे त्या मुलीला ऐकून अभ्यास करायला वेळ हवा. रोज सदतीस पानं. घरात माझ्याशी बोलणं बंद. जेवण टेबलावर ठेवलेलं असतं. “वाढलंय” एवढंसुद्धा म्हणत नाही.

मी ठरवलं, की त्या टेलिफोनवाल्या मुलीला स्वतः भेटून समजावून सांगावं. फाइलींना नावं नव्हती, सुरुवातीला आवाज नव्हता, कोणाचाही गैरसमज झाला असता. बायकोच्या डायरीतून पत्ता घेतला.

हॉस्पिटलच्या मागे तिसऱ्या मजल्यावर तिची खोली. पस्तिशीची असेल. दार उघडून म्हणाली, “काकूंचे मिस्टर. काकू म्हणतात तसेच जिन्यावर पाय आपटत आलात. या.”

खोलीत पलंग, टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटर, वर कीबोर्ड, दोन स्पीकर. मी विचारलं, “स्क्रीन कुठे आहे?”

“कोणासाठी?”

मी खुर्चीवर बसलो आणि सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काका, माफी मागायला आलात की पटवून द्यायला?”

मी खुर्ची पुढे ओढली.

“नाही, तसं सांगा. पटवून द्यायला आला असाल तर माझी पाळी तीनला सुरू होते, तेवढा वेळ नाही.” तिचा आवाज फोनवर बोलणाऱ्या माणसांचा असतो तसा स्वच्छ, आणि त्यामुळे राग आणखी बोचला. “दोन वर्षांपूर्वी मला पुस्तक मिळालंच नाही. मागच्या वर्षी वाचणाऱ्या गृहस्थांनी अर्ध्यात सोडलं, म्हणे कंटाळवाणं आहे. काकूंकडे नंबर लागायला दीड वर्ष थांबले मी. आणि तुम्ही सांगताय, की तुमचं मशीन लवकर सुरू होत नव्हतं!”

मग म्हणाली, “माझं किती वेळात सुरू होतं बघायचंय?” बटण दाबलं. मी सवयीने घड्याळात बघितलं. एकोणीस सेकंद. मशीन आमच्यापेक्षा जुनं. “यात नको ते काहीही नाही. तुमच्यात वेग वाढवणारे प्रोग्राम किती?”

“तीन.”

ती हसली, पण चांगलं नाही हसली. “ते एकमेकांवर पहारा देताहेत, काका. मशीन आणखी हळू झालं ते त्यांच्यामुळेच. त्याआधीचा संथपणा जुन्या डिस्कचा असणार, ती बदलून घ्या.”

जाण्याआधी तिने काहीतरी लावून दाखवलं. चिमणीच्या चिवचिवाटासारखा, सुसाट पळणारा आवाज. मला एक शब्द लागला नाही. “अडीचपट वेग,” ती म्हणाली. “आम्ही असंच ऐकतो.” मग वेग कमी केला. आणि एका बाईचा आवाज आला, शांत, ठाम, प्रत्येक शब्दाला जागा देणारा. एखादी प्राध्यापक असावी. मी विचारलं, “कोण आहे ही?”

तिने स्पीकर बंद केला.

“काकू आहेत,” ती म्हणाली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तिन्ही प्रोग्राम काढून टाकले. खोकं त्याच दुकानात नेलं. चष्मेवाल्याने जुनी डिस्क काढून नवी, हलकी, न फिरणारी बसवली. वेळ: चौदा सेकंद.

बायकोला सांगितलं नाही. वहीत लिहितानाही कसला आनंद झाला नाही. आठवड्यापूर्वी झाला असता.

पाचला तिने दार लावलं. मी बाहेर स्टुलावर बसलो होतो, पण दारातून नीट ऐकू येत नव्हतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोचा आवाज गेला. काल संध्याकाळी खरखर होती, आज नुसता वारा. डॉक्टर म्हणाले, सात दिवस एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर कायमचं दुखणं होईल.

दोनशे नव्वद पानं बाकी आहेत.

मी म्हणालो, “मी वाचतो.”

तिने कागदावर लिहिलं: नको.

“मग कोण वाचणार?”

लिहिलं: तुम्ही सोडून कोणीही.

मला राग आला. हो, आला. एवढं सगळं झाल्यावर माणूस पुढे येऊन म्हणतोय, आणि कोणीही चालेल, हा नको! मी खोलीत गेलो, माइक लावला, पंखा बंद केला, पंधरा सेकंद गप्प बसलो, आणि एक पान वाचून थेट त्या मुलीला पाठवलं.

अर्ध्या तासात तिचं बोलून पाठवलेलं उत्तर आलं. “काका, तुम्ही रागावून वाचता. कायदा मला दम देतोय असं वाटतं. व्याख्या सांगा, दरडावू नका. बाकी उच्चार चांगले आहेत. रागाचं एक बरं असतं, अडीचपट वेगाने ऐकला की लवकर संपतो. दुसरं कोणी नाही, तेव्हा चालेल. पण काकूंनी तपासल्याशिवाय एकही पान पाठवायचं नाही.”

बायकोनेही ते ऐकलं. शेवटी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

काम असं चालतं. मी वाचतो. ती शेजारी हेडफोन लावून बसते, समोर पुस्तक, हातात लाल पेन्सिल. चुकलं की टेबलावर टकटक. मग वाक्य पुन्हा. ‘अनुमान’चं ‘अनुमती’ वाचलं, टकटक. स्वल्पविराम खाल्ला, टकटक. भरभर वाचलं, टकटक टकटक. आज सकाळी एका पानाला अठरा वेळा टकटक झाली.

एकतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या. माझ्या इतक्या कोणी काढल्या नव्हत्या. दुपारी डोकंच फिरलं. पुस्तक आपटलं, म्हणालो, “तुझं तू बघ, मला जमणार नाही,” आणि तडक बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे बाकावर बसलो.

परत आलो तेव्हा ती जागची हलली नव्हती. समोर एक चिठ्ठी होती: तिथूनही असंच निघून आलात ना? ते तर तुम्हाला थांबा म्हणत होते.

हिला हे कोणी सांगितलं? मी घरी सांगितलं होतं, की कारखान्यात माणसं कमी करताहेत, म्हणून निघालो. जुन्या सोबत्याच्या बायकोकडून कळलं असेल. म्हणजे तीन महिने हिला माहीत होतं आणि बोलली नाही.

उत्तर दिलं नाही. इथेही लिहीत नाही. बसलो आणि तेच पान पुन्हा वाचलं. सहा वेळा टकटक झाली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्या मजल्यावर भिंती फोडण्याचं काम सुरू झालंय. दिवसभर ड्रिल. दोनदा वर जाऊन सांगून आलो. वरचा माणूस म्हणतो, मलाही मुदत आहे. मुदत काय तुम्हाला एकट्यालाच आहे का, म्हणे! मी जिन्यात उभा राहून जे बोललो ते खालच्या तिन्ही घरांनी ऐकलं. मग आम्ही पहाटे चार ते आठ वाचायचं ठरवलं, आणि दुपारी त्याची जेवणाची सुट्टी असते तेव्हा. तरी तो सुट्टी संपायच्या आधीच मध्ये ड्रिल लावतो. आज चाळीस पानं.

दाराच्या फटीला दोन उशा, खिडकीला जाड पांघरूण. आत उकाडा असा, की अंगाला शर्ट चिकटतो. सहा वर्षं ही अशी बसत होती.

पुस्तकात आज कबुलीजबाबाचं प्रकरण आलं. दबावाखाली दिलेला असेल तर तो ग्राह्य धरत नाहीत. वाचून झाल्यावर मी हिला म्हणालो, “माझं चुकलं. आत्ता कोणी दबाव टाकलेला नाही.”

तिने कागद ओढून लिहिलं: प्रकरण दहा, पान चारशे सत्तर.

वाचायला लागलो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिचा आवाज थोडा परत आला. पहिलं वाक्य मला उद्देशून होतं. “तुम्ही वाक्याच्या शेवटी माणसाला धक्का मारून बाहेर काढता. हळू सोडा त्याला.”

डॉक्टरांनी रोज अर्धा तास बोलायला परवानगी दिली आहे. तो अर्धा तास तिने मला वाचायला शिकवण्यात घालवला. रागावून. तिचा राग आता कामातून बाहेर पडतोय. मला तो सोसतो. अबोला सोसत नव्हता.

बेचाळीस पानं बाकी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

संपलं. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. शेवटचं पान तिने वाचलं. मला वाटलं होतं, की मला देईल. दिलं नाही. सगळ्या फाइली तपासून पाठवल्या आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. ती डिस्क तिने तिच्या कपाटात ठेवली आणि किल्ली घेतली. कॉम्प्युटरला पासवर्डही घातला. मला सांगितला नाही. मी मागितलाही नाही.

पेन्शनचा फॉर्म अजून तसाच आहे. मी बसेन तेव्हा भरून देईन, म्हणाली.

९ मार्च, सोमवार

आज परीक्षा. सकाळी बायको दोनदा फोनपाशी गेली आणि परत आली. मी म्हणालो, “आता ती पेपरला बसली असेल.” “माहीत आहे मला,” ती फाडकन म्हणाली.

दिवसभर कोणाचं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. मला भलताच राग आला. आम्ही घसे फोडले आणि एक फोन नाही!

१० मार्च, मंगळवार

साडेनऊला फोन आला. बायकोने स्पीकरवर टाकला. पेपर बरा गेला. निकाल दोन महिन्यांनी. काल हॉस्पिटलात पाळी होती म्हणून फोन करता आला नाही. मग म्हणाली, “काकू, काकांना ऐकू येतंय का?”

“येतंय,” मी म्हणालो.

“काका, चौथा प्रश्न तज्ज्ञाच्या मतावर होता. पंधरा गुणांचा. लेखनिकाने वाचून दाखवला आणि डोकं कोरं. काही म्हणजे काही आठवेना. मग एकदम तुमचा आवाज आठवला. प्रकरण अकरा, दुसरा भाग. ‘तज्ज्ञाचे मत हे... अरे ए रेड्या, बंद कर ते ड्रिल, नाहीतर वर येऊन तुझ्याच कानात घालतो!... केवळ मत असते, तो निर्णायक पुरावा नव्हे.’ तिथून पुढची तीन पानं धडाधड आठवली. लेखनिकाकडून तीन पानं लिहून घेतली मी.”

माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. “ते राहिलं आत?”

“राहिलं तर! आमच्या अभ्यासाच्या गटात सगळ्यांकडे गेलंय. आठ जण आहोत. सगळ्यांना तो भाग पाठ आहे. वाचनालयातून दोघांनी विचारलं, की हे वाचणारे कोण आणि आणखी काय वाचलंय.”

फोन ठेवल्यावर मी बायकोकडे वळलो. “प्रत्येक फाइल तू हेडफोन लावून तपासलीस. स्वल्पविरामावर टकटक करत होतीस. हे तुझ्या कानाला लागलं नाही?”

“लागलं.”

“मग?”

“राहू दिलं.”

“राहू दिलं! आठ माणसं ऐकताहेत! वाचनालयात गेलंय ते! पासवर्ड सांग. आत्ताच्या आत्ता कापून टाकतो ते.”

ती उठून कॉम्प्युटरच्या आडवी उभी राहिली. “खबरदार,” ती म्हणाली, “यातलं काही पुसलंत तर.”

आणि हसली. घसा अजून बरा नाही, त्यामुळे हसताना खोकली, आणि खोकताना पुन्हा हसली. मी रागातच होतो. तिचा राग गेला असं समजण्याचं कारण नाही; दुपारी भांड्यांवरून पुन्हा ऐकवलं मला. पण सकाळी हसली, एवढं खरं आहे.